क्राउन-पिनियन बदलल्यापासून मागचा ऍक्सल ओरडतोय : उघडायचा की थांबायचं?

जीपवाला_डिचोली

नमस्कार मंडळी. जुनी महिंद्रा जीप आहे, मागे डाना ४४ च्या घराण्यातला ऍक्सल. घेतली तेव्हाच त्यात ३.७३ चं क्राउन-पिनियन होतं (शाफ्टचा फेरा चाकांकडे वळवणारी दातांची जोडी; शाफ्टचे ३.७३ फेरे, चाकाचा एक). मी २३५/७५ आर १५ काढून ३१ इंची टायर घातले आणि गाडी चोर्ला घाटात पाचव्यात रडायला लागली. हिशेब केला: जुना टायर साधारण ७३३ मिमी व्यासाचा, नवा ७८७. म्हणजे ३.७३ चं गणित ४.०० च्या आसपास यायला हवं. बाजारात जवळचं ४.१०, तेच दोन्ही ऍक्सलना घातलं. सेट कंपनीचा नाही, बाहेरचा. काम एका गॅरेजात करून घेतलं.

ओढ आता झकास आहे. पण ५५ ते ७५ च्या दरम्यान ऍक्सिलरेटरवरून पाय काढला की मागून ‘ऊऽऽऽ’ असा सूर लागतो. पाय दिला की बंद. सुरुवातीला कान देऊन ऐकावा लागायचा, आता बायको मागच्या सीटवरून विचारते, ‘हे काय वाजतंय?’ गॅरेजवाला म्हणतो, नवीन दात आहेत, घासून बसतील. खरंच बसतील का?

पाटा_स्प्रिंग

टायर कुठले? मातीचे, मोठ्या ठोकळ्यांचे असतील तर निम्मा आवाज त्यांचाच. माझे लावले तेव्हा मीही बेरिंग गेलं म्हणून दोन रात्री झोपलो नव्हतो.

आबा_पेडणे

८५डब्ल्यू-१४० ऑइल भर आणि रेडिओ लाव. जुन्या गाड्या वाजतातच. आमच्या वेळी गाडी विकणारे हाउसिंगमध्ये लाकडाचा भुसा भरायचे, घेणाऱ्याला आठवडाभर काही कळत नसे.

तिस्ककर

आबा, गंमत म्हणून ठीक आहे. जाड ऑइलने आवाज झाकतो, आजार तसाच राहतो. आणि नव्या दातांवर पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये जे होतं ते कायमचं. ‘घासून बसतील’ हे अर्धंच खरं आहे. बरोबर बसवलेला सेट चालवताना गुळगुळीत होतो, चुकीचा बसवलेला सेट चुकीच्या जागी घासतो.

डिचोलीकरा, तुझं वय माहीत नाही, पण मी तुला अरे-तुरेच करणार. ऍक्सलला हात लावायच्या आधी एवढं सांग:

पाय दिल्यावर, पाय काढल्यावर, आणि अगदी हलका पाय ठेवून गाडी ना ओढतेय ना ओढली जातेय अशा अवस्थेत, तिन्ही वेळा आवाज कसा? त्याच वेगाला चौथ्यात आणि पाचव्यात सारखाच का? वळणावर वाढतो का कमी होतो? गार असताना आणि म्हापशापर्यंत जाऊन आल्यावर फरक पडतो का? पुढचे हब फ्री, म्हणजे पुढची चाकं ऍक्सलपासून सुटी आहेत ना? आणि कॅरियर, म्हणजे ज्याच्यावर क्राउन बसतो तो भाग, बदललास का? डाना ४४ मध्ये ३.७३ आणि त्याखालच्यांना एक कॅरियर, ३.९२ पासून वर दुसरा.

जीपवाला_डिचोली

काका, अरे-तुरे चालेल. कॅरियर जुनाच आहे. गॅरेजवाल्याने जाड क्राउन आणला होता, जुन्या कॅरियरवर ४.१० बसतो तो. हब फ्री आहेत. बाकीचं रविवारी तपासून लिहितो.

तिस्ककर

जाड क्राउन चालतो, त्यात पाप नाही. हब फ्री असतील तर पुढचं क्राउन-पिनियन फिरतच नाहीये, तेव्हा पुढचा ऍक्सल सध्या संशयातून बाहेर. मात्र तो सेटही त्याच हातांनी बसवलाय, हे लक्षात ठेव.

नादखुळा

माझ्या आवडीचा विषय आला! फोनवर आवाजाची कंप्रता दाखवणारं कुठलंही फुकट ॲप घ्या. शेजारच्याला फोन मागच्या सीटवर धरायला सांगा, तुम्ही गाडी चालवा.

गणित सोपं आहे. ३१ इंची टायर प्रत्यक्षात एका फेऱ्यात २.४ मीटरच्या आसपास जातो. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला जवळपास ७ फेरे. ४.१० चा क्राउन ४१ दातांचा, पिनियन १० दातांचा. ७ गुणिले ४१ म्हणजे साधारण २८५ हर्ट्झ. ६० ला तिथे सुळका दिसला आणि ७० ला तो ३३० च्या वर सरकला, तर दातच बोलतायत. प्रॉपेलर शाफ्टचा त्रास असेल तर तो २८-२९ हर्ट्झला, कानापेक्षा बुडाला जास्त जाणवेल. बेरिंग असं एका सुरात गात नाही, पसरट घरघर दिसते.

एक गंमत: ३.७३ चा क्राउनही ४१ चाच असतो, पिनियन ११ चा. म्हणजे त्याच टायरवर, त्याच वेगाला दातांचा सूर आधीही हाच होता. फक्त ऐकू येत नव्हता.

पाटा_स्प्रिंग

हे भारी आहे. टायरचा आवाज त्यात वेगळा दिसेल का?

नादखुळा

दिसेल, पण त्याची सोपी परीक्षा फोनशिवाय होते. रस्ता बदलला की टायरचा आवाज बदलतो. खडबडीत डांबरावरून गुळगुळीत काँक्रीटवर या, टायर सूर बदलेल, ऍक्सल नाही. उलट पाय दिला-काढला की ऍक्सल बदलेल, टायर नाही.

जीपवाला_डिचोली

धारगळहून मोपा विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी लवकर गेलो, गर्दी नसते. निकाल असा:

पाय देऊन: जवळपास शांत. पाय काढून: ७५ ला सुरू, ६५ ला सगळ्यात मोठा, ५० च्या खाली गायब. हलक्या पायावर: ये-जा करतो, कधी आहे कधी नाही. चौथ्यात-पाचव्यात त्याच वेगाला काहीही फरक नाही. वळणावर फरक नाही. गरम झाल्यावर जास्त.

नादखुळा, ६० ला सुळका २८० ते २९० मध्ये. तुमचं गणित बघून भाऊ चाट पडला. टायरची वेगळी गुरगुर खाली आहे, ती रस्त्याप्रमाणे बदलते.

तिस्ककर

आता बोलू.

चौथ्या-पाचव्यात फरक नाही म्हणजे गिअरबॉक्स संशयातून सुटला. वळणावर फरक नाही म्हणजे चाकाचं बेरिंगही बहुधा सुटलं, कारण वळताना एका बाजूचा भार वाढतो आणि खराब बेरिंग लगेच कण्हतं. वळताना ठकठक नाही म्हणजे आतल्या स्पायडर गिअरचीही (वळताना दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या) तक्रार नाही. उरले क्राउन, पिनियन आणि पिनियनची दोन बेरिंगं.

पाय दिलास की दातांचा जोर पिनियनला क्राउनपासून लांब, फ्लँजच्या (प्रॉपेलर शाफ्ट जोडतो त्या चकतीच्या) बाजूला ढकलतो. तो भार आतलं मोठं बेरिंग घेतं. पाय काढलास की उलट. चाकं पिनियनला फिरवतात आणि पिनियन क्राउनकडे आत ओढलं जातं. बेरिंगं नीट आवळलेली असतील तर त्याला हलायला जागाच नसते. ढिली असतील तर ते केसभर आत सरकतं, दात ठरलेल्या जागी न भेटता दुसरीकडेच भेटतात, आणि ऊऽऽऽ. हलक्या पायावर ये-जा करतो म्हणालास, ते पिनियन पुढे-मागे होतंय त्याचंच लक्षण. गरम झाल्यावर वाढतो, तेही जुळतं. ऑइल पातळ होतं, आवाज कमी झाकतं.

मला प्रीलोड, म्हणजे बेरिंगांचा ठरलेला आवळ, गेलेला वाटतो. खात्री करायला प्रॉपेलर शाफ्ट सोड, पिनियनचा फ्लँज दोन्ही हातांनी धर आणि पुढे-मागे ओढ. फिरवायचा नाही. फिरवताना थोडी चाल लागणारच, तो बॅकलॅश. पण पुढे-मागे शून्य हवं. शून्य म्हणजे शून्य.

खाणी चालू असताना तिस्कच्या पट्ट्यात टिपर रांगेने उभे असायचे. खनिज भरून उतारावरून येणाऱ्या गाडीचं पिनियन सगळा वेळ पाय काढलेल्याच अवस्थेत काम करतं, त्यामुळे हा आवाज कानात बसलाय. २०१८ ला खाणी बंद पडल्या, फिटर गेले, कान राहिले.

ठाण्याचा_फोरबायफोर

असहमत. बाहेरच्या सेटमध्ये दहापैकी नऊ वेळा पिनियनची खोली, म्हणजे ते क्राउनकडे किती आत बसलंय ते, चुकलेली असते. झाकण उघडा, दातांवर रंग लावून पॅटर्न (दात कुठे भिडतात त्याचा डाग) घ्या, खोलीची शिम (जाडी भरणारी पातळ चकती) बदला. दाताच्या मुळाशी डाग पडला तर पिनियन जास्त आत आहे, शिम कमी करा. टोकाला डाग पडला तर बाहेर आहे, शिम वाढवा. प्रीलोड वगैरे नंतर.

तिस्ककर

ठाणेकर, डाग वाचायची तुमची पद्धत बरोबर आहे, क्रम उलटा आहे. पिनियन ढिलं असताना घेतलेला डाग खोटा. हाताने क्राउन फिरवताना पिनियन कुठे बसलंय त्यावर तो पडतो, आणि गाडी चालताना ते तिथे नसतं. आधी प्रीलोड, मग बॅकलॅश, मग डाग. आणि डाग घेताना क्राउनला लाकडाने रोखून भार द्यायचा. नुसता गिरगिर फिरवला तर डाग फिकट आणि फसवा येतो.

ठाण्याचा_फोरबायफोर

ढिलं आहे हे अजून सिद्ध कुठे झालंय?

तिस्ककर

म्हणूनच फ्लँज ओढून बघायला सांगितलं.

कुळागरवाली

मध्येच बोलते. आमच्याकडे सत्तरीत पावसाळ्यात ओहोळातून गाडी न्यावीच लागते, कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, पलीकडे आहे. गरम ऍक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते. ब्रीदरची, म्हणजे ऍक्सलला हवा घेऊ-सोडू देणारी नळी तुटलेली असेल तर तिथून, नाहीतर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. आमचं ऑइल दुधाळ झालं होतं आणि बेरिंगाच्या रोलरवर गंजाचे ठिपके. तिथेही मागून आवाज यायचा, पण तो सतत घरघर असा होता, पाय दिला-काढला तरी तोच. डिचोलीकर, झाकण उघडाल तेव्हा ऑइलचा रंग बघा.

जीपवाला_डिचोली

फ्लँज हलतोय. पुढे-मागे. अगदी थोडा, पण ‘टिक’ असा हाताला लागतो.

मग झाकण उघडलं. ऑइल दुधाळ नाही. पण त्यात चमक आहे, टॉर्च मारला की चांदीच्या रंगासारखी. प्लगच्या चुंबकावर काळा लगदा, त्यात दोन-तीन पापुद्रे. दात दिसायला ठीक.

बॅकलॅश डायल गेजने चार ठिकाणी घेतला, ०.१८ च्या आसपास. तो बरोबर ना?

तिस्ककर

०.१३ ते ०.२५ मिमीमध्ये आहे आणि चारही ठिकाणी जवळपास सारखा आहे, म्हणजे क्राउन वाकडा बसलेला नाही. काळा लगदा नव्या सेटला येतोच. पापुद्रे नकोत. ते बहुधा बेरिंगाचे.

आता गॅरेजवाल्याला भांडण न करता एकच प्रश्न विचार: खोलीची शिम बदलली होती का?

जीपवाला_डिचोली

विचारलं. म्हणाला, जुन्या शिम घालून बसवलं तर डाग मुळाशी येत होता, म्हणून आतल्या बेरिंगाच्या कपामागची (बाहेरच्या कड्यामागची) एक शिम काढली. डाग मधे आला, बसवून टाकलं. पुढची, म्हणजे फ्लँजकडची शिम? ती जशी होती तशीच घातली.

तिस्ककर

सापडलं.

या ऍक्सलमध्ये शिमचे दोन गठ्ठे. एक आतल्या कपामागे, तो खोली ठरवतो. दुसरा फ्लँजकडच्या बेरिंगाच्या आत, तो प्रीलोड ठरवतो. कपामागची शिम काढली की दोन कपांमधलं अंतर तेवढंच कमी होतं. पण दोन बेरिंगांमधली दांड्यावरची लांबी तीच राहिली, तर नट कितीही आवळा, बेरिंगं कपांना भिडतच नाहीत. म्हणून खोलीला जेवढी शिम कमी, तेवढीच प्रीलोडच्या गठ्ठ्यातून कमी. वाढवली तर वाढव. त्याने पहिलं केलं, दुसरं राहिलं. नट पूर्ण टॉर्कने आवळलेला असणार, म्हणून त्याला संशयही आला नसेल.

ज्यांच्या ऍक्सलमध्ये शिमऐवजी चेपणारी नळी, क्रश स्लीव्ह असते, त्यांनी हे वाचून नट आवळत सुटू नये. ती जास्त चेपली गेली तर नट सैल करून परत येता येत नाही, नवी नळीच घालावी लागते.

ठाण्याचा_फोरबायफोर

मान्य. पण मग त्याने घेतलेला डागही ढिल्या पिनियनवरचा. खोली बरोबर आहे कशावरून?

तिस्ककर

नाहीच सांगता येत. प्रीलोड लागल्यावर पुन्हा डाग घ्यायचा, तेव्हा कळेल. सेटवरचे क्रमांकही बघून घे रे. क्राउन आणि पिनियनवर एकच क्रमांक हवा, ते जोडीने लॅप केलेले, म्हणजे एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. जोडी फुटली असेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

जीपवाला_डिचोली

क्रमांक एकच आहे. बेरिंगं बदलू का नुसती शिम काढू?

तिस्ककर

पिनियनची दोन्ही बेरिंगं कपांसकट नवी. ढिली पळालेली बेरिंगं परत घालून हेच काम दुसऱ्यांदा करायचंय का? सीलही नवं.

प्रीलोड मोजताना कॅरियर बाहेर हवा. नव्या बेरिंगाला २० ते ४० इंच-पाउंड, म्हणजे सव्वादोन ते साडेचार न्यूटन-मीटर. छोटा टॉर्क रेंच नसेल तर फ्लँजला सुतळी गुंडाळ आणि मासळीबाजारात असतो तसा स्प्रिंगचा काटा लावून सावकाश ओढ. फ्लँजची त्रिज्या साडेचार सेंटिमीटर असेल तर काटा ५ ते १० किलोच्या मध्ये दिसायला हवा. आकडा पिनियन फिरतं असतानाचा घ्यायचा, सुटतानाचा झटका मोजू नकोस.

कुळागरवाली

काका, डाग घ्यायला काय वापरता? आमच्या वाळपईच्या मिस्त्रींकडे निळा रंग असतो, तो ऑइलमध्ये दिसतच नाही.

तिस्ककर

आम्ही शेंदूर वापरायचो, ऑइलच्या दोन थेंबांत कालवून. मारुतीला लावतात तोच. उठून दिसतो. पण जुना शेंदूर म्हणजे शिसं, तेव्हा हातमोजे घाला आणि तोच हात भाकरीला लावू नका. आता गिअरसाठी पिवळी पेस्ट मिळते, तीच बरी. आणि दात आधी पेट्रोलने पुसून कोरडे करा, रंग मग दिसतोच.

नादखुळा

काकांनी आत्तापर्यंत गॅरेजवाल्याला एकही शिवी दिली नाही, याची नोंद घ्यावी.

तिस्ककर

डाग बघून शिम काढणारा तो आजकालच्या निम्म्या लोकांपेक्षा बरा. बाकीचे जुनी शिम घालून गाडी बाहेर काढतात.

जीपवाला_डिचोली

काम झालं. गॅरेजवाल्याकडेच केलं, तोही उत्सुक होता. मजुरी घेतली नाही, बेरिंगांचे पैसे मी दिले.

जुन्या फ्लँजकडच्या बेरिंगाच्या कपावर एका बाजूला खड्डे पडले होते, पापुद्रे तिथलेच. प्रीलोडच्या गठ्ठ्यातून कपामागे काढली होती तेवढ्याच जाडीची शिम कमी केली. सुतळी आणि काट्यावर ७ किलो. बॅकलॅश पुन्हा ०.१८ ला बसवला. मग पिवळी पेस्ट लावून, क्राउनला लाकडी दांड्याने रोखत डाग घेतला. दोन्ही बाजूंना मधोमध, किंचित आतल्या टोकाकडे. खोलीच्या शिमला हात लावायची गरज पडली नाही.

ठाणेकर, आधी खोली बदलली असती तर बरोबर असलेली गोष्ट बिघडवून बसलो असतो.

ठाण्याचा_फोरबायफोर

हो हो, ऐकलं. आवाजाचं सांगा.

जीपवाला_डिचोली

मोठा आवाज गेला. ६५ ला पाय काढला की अगदी बारीक सूर अजून आहे, खिडक्या बंद करून, सगळ्यांना गप्प बसवून ऐकला तर. नादखुळाच्या ॲपवर सुळका तिथेच आहे, पण बुटका झालाय.

तिस्ककर

तेवढा राहणार. ढिल्या पिनियनवर ते दात जेवढे पळाले तेवढे चुकीच्या जागी घासले गेले, ती खूण जात नाही. वाढत नसेल तर सोडून दे. वाढला तर पुन्हा फ्लँज ओढून बघ.

पाटा_स्प्रिंग

स्पीडोमीटरचं काय झालं? टायरही बदलला, दातही बदलले.

नादखुळा

त्याच्या गाडीचा काटा ट्रान्सफर केसवरून चालत असेल तर दोन्ही बदल एकमेकांना जवळजवळ खातात. ४.१० भागिले ३.७३ म्हणजे १.०९९, टायर १.०७४ पट. काटा आधीपेक्षा दोन-अडीच टक्के जास्त दाखवेल. पोलिसांच्या दृष्टीने चांगलीच बाजू.

आबा_पेडणे

बरं बाबा. आता ऑइल तरी कुठलं भरलंस?

जीपवाला_डिचोली

८०डब्ल्यू-९०, जीएल-५. जीएल-४ नाही, एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या हायपॉइड दातांना ते पुरत नाही. काका, आता लगेच चोर्लाने बेळगावला जाऊ का?

तिस्ककर

नको. पहिल्यांदा २५-३० किलोमीटर सपाटीवर हळू जा, परत ये आणि हाउसिंग हाताला पूर्ण गार लागेपर्यंत गाडी उभी ठेव. असं दोन-तीनदा कर. नव्या दातांना पहिल्या तापण्यातच सगळ्यात जास्त धोका असतो. ८०० किलोमीटरपर्यंत घाट नको, ट्रेलर नको, मागे सामान भरून गणपतीला गावी जाणंही नको. ८०० ला ऑइल बदल आणि चुंबक पुसून बघ. नुसता काळा लगदा असला तर बेळगावला जा. पापुद्रा दिसला तर इथे फोटो टाक. आणि ब्रीदरची नळी चेसिसवर उंच बांधून घे, पाऊस तोंडावर आलाय.

कुळागरवाली

नळी बांधताना मागच्या ब्रेकच्या पाइपापासून लांब ठेवा आणि ऍक्सल खाली-वर होईल एवढी ढिली सोडा. आमची पहिल्याच खड्ड्यात निसटली होती.